आजीच्या ओव्या, कॅसेटची खरखर आणि सॉफ्टवेअरचा हात कुठे आवरायचा

प्रश्न थोडक्यात असा : घरात आजीच्या ओव्यांच्या दोन कॅसेट आहेत, १९८८ च्या सुमारास साध्या टेपरेकॉर्डरवर भरलेल्या. पहिलीत आजी खरोखर जात्यावर बसून दळता दळता गातेय. दुसरी माजघरात भरलेली, वर पंखा फिरतोय. दोन्हींत सतत ‘सूऽऽ’ असा आवाज आहे आणि त्याखाली बारीक गुणगुण. आवाज स्वच्छ करून देणाऱ्या एका वेबसाइटवर फाइल चढवली, तर खरखर पार गेली. पण ‘ही आपली आजी वाटत नाही’ असं घरातल्या सगळ्यांचं मत पडलं. आता आवाज दुरुस्त करणारं आयझोटोप कंपनीचं आरएक्स हे सॉफ्टवेअर विकत घ्यावं की ऑडॅसिटी या फुकटच्या सॉफ्टवेअरमध्ये भागेल?

ऑडॅसिटीत भागेल. खर्च करायचाच असेल तर तो कॅसेट नीट वाजवणाऱ्या डेकवर करा. मी गेली बरीच वर्षं जुन्या कॅसेट आणि स्पूल उतरवून घ्यायचं काम करते, आणि माझा अनुभव असा की सॉफ्टवेअरने साफ केलेल्या आवाजातला फरक बहुतेकदा कॅसेट वाजवतानाच ठरून गेलेला असतो.

आधी त्या वेबसाइटचं. गोंगाट काढणारी न्यूरल, म्हणजे नमुने ऐकवून शिकवलेली, साधनं ढोबळ मानाने दोन जातींची आहेत. एक जात फक्त आवाज कमीजास्त करते. २०१७ मध्ये जाँ-मार्क व्हालँ यांनी आणलेलं आरएननॉइज या जातीतलं. ते आवाजाचे २२ पट्टे पाडतं आणि दर दहा मिलिसेकंदांनी प्रत्येक पट्टा किती दाबायचा ते ठरवतं. ओबीएस या व्हिडिओ रेकॉर्ड करायच्या सॉफ्टवेअरमध्ये ते फुकट मिळतं आणि ऑनलाइन मीटिंगसाठी झकास आहे. दुसरी जात त्याच्या पुढे जाते. मूळ आवाज तिला नुसता इशारा म्हणून पुरतो, त्यावरून ती बोलणं नव्याने घडवते. ही साधनं माणसांच्या बोलण्यावर तयार झालेली असतात, तेही स्टुडिओतल्या जवळच्या माइकवरच्या बोलण्यावर. म्हातारीच्या आवाजातला कंप, पडलेल्या दातांमुळे निसटणारी हवा, ओवीच्या शेवटी लांबवलेला सूर हे त्यांच्या लेखी ‘बोलणं’ नसतं. मग ती त्या जागी आपल्याकडचं काहीतरी सफाईदार भरतात. तुमच्या घरच्यांचे कान बरोबर आहेत. त्या फाइलमधला काही भाग आजीचा नाहीच. मुलाखत, व्याख्यान, पॉडकास्ट यांसाठी ही साधनं जरूर वापरा. गाण्याला लावू नका. तानपुरा किंवा पेटीचा धरून ठेवलेला सूर तर त्यांना सरळसरळ गोंगाटच वाटतो.

आता कॅसेट. उघडून बघा, फितीवर पांढरी बुरशी दिसली तर ती वाजवूच नका, जाणत्या माणसाकडे द्या. बुरशी नसेल तर एकदा पूर्ण पुढे, मग पूर्ण मागे गुंडाळून घ्या. आत पातळ पट्टीवर फेल्टचा छोटा तुकडा असतो, फितीला हेडवर टेकवणारा. तो बऱ्याच जुन्या कॅसेटमध्ये निखळलेला असतो आणि मग आवाज मध्येच दबतो. तसं असेल तर फीत दुसऱ्या, स्क्रूच्या कॅसेटमध्ये बदलून घ्यावी लागते. डेकचं हेड आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काडीने पुसा. चांगला डेक घरात नसेल तर पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर चौकशी करा, दुरुस्ती करणारे लोक अजून आहेत. यूएसबी लावलेले प्लॅस्टिकचे स्वस्त वॉकमन मात्र घेऊ नका. त्यांचा वेग स्थिर नसतो, आणि सतत हलणारा सूर नंतर सरळ करणं हे खरखर काढण्यापेक्षा कितीतरी किचकट काम आहे.

यानंतरची पायरी बहुतेक लोक गाळतात : अझिमथ, म्हणजे फितीवर हेड ज्या कोनात टेकतं तो कोन. ज्या टेपरेकॉर्डरवर आजीला टेप केलं त्याचं हेड किंचित तिरकं असणार, आणि तुमच्या डेकचं तसंच तिरकं नसणार. परिणाम असा की वरचे, धारदार सूर जातात, आवाज गोधडीआडून आल्यासारखा होतो आणि आपण खापर फोडतो खरखरीवर. हेडच्या दोन बाजूंना दोन स्क्रू असतात, त्यांतल्या एकाखाली स्प्रिंग असते. तो स्प्रिंगवाला स्क्रू फिरवायचा. आधी त्याच्या मूळ जागेवर नेलपॉलिशचा ठिपका देऊन ठेवा. दोन्ही चॅनल एकत्र करून, म्हणजे मोनोत, हेडफोनवर ऐकत अगदी थोडा थोडा फिरवा. एका ठिकाणी ‘स’ आणि ‘च’ एकदम उघडतात. तिथे थांबा. कॅसेटच्या प्रत्येक बाजूसाठी हे पुन्हा करावं लागतं.

अझिमथ जुळल्यावर मोनो करण्याचा फायदाही पदरात पडतो. साध्या टेपरेकॉर्डरचं मोनो हेड फितीवरच्या दोन्ही स्टिरिओ ट्रॅकची रुंदी व्यापतं, त्यामुळे आजीचा आवाज डाव्या-उजव्या दोन्ही चॅनलांत सारखाच असतो. फितीची सूऽऽ मात्र दोन्हींत वेगवेगळी. दोन्ही मिळवले की आवाज दुप्पट होतो, सूऽऽ तेवढी वाढत नाही, आणि जवळजवळ तीन डेसिबलचा फायदा कोणत्याही सॉफ्टवेअरशिवाय मिळतो. अझिमथ चुकलेला असताना हेच केलं तर वरचे सूर एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून क्रम पाळा. डॉल्बीचं बटण बंद ठेवा. घरगुती टेपरेकॉर्डरवर डॉल्बी सहसा नसायचं, आणि डॉल्बीशिवाय भरलेली फीत डॉल्बी लावून वाजवली की आवाज आणखी मंद होतो.

लॅपटॉपच्या माइकच्या भोकात वायर खुपसू नका. लाइन-इन असलेला साधा ऑडिओ इंटरफेस, म्हणजे डेकचा आवाज संगणकात घेणारी छोटी पेटी, घ्या. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, वेव्ह फाइल. ध्वनिसंग्रहालयांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने, आयएएसएने, किमान म्हणून हेच सांगितलंय. तासाभराची स्टिरिओ फाइल साधारण एक जीबीची होते, आज ते काहीच नाही. सर्वांत मोठा आवाज उणे सहा डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका.

आता ती गुणगुण. ती फितीत आहे की तुमच्या वायरिंगमध्ये, हे आधी शोधा. डेक पॉज करा. गुणगुण चालूच राहिली तर कॅसेटचा दोष नाही. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा तिथेच ती संपते. पॉज केल्यावर गुणगुण थांबत असेल तर ती १९८८ सालची आहे, आणि मग ती उपयोगाचीही आहे.

ऑडॅसिटीत पंख्याच्या कॅसेटमधला मिनिटभर भाग निवडा, अॅनालाइझमध्ये प्लॉट स्पेक्ट्रम उघडा, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती जोर आहे त्याचा आलेख, आणि साइझ ६५५३६ करा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे ५०, १००, १५० असे सुळके दिसायला हवेत. समजा ते ५२, १०४, १५६ वर दिसले, तर तुमचा डेक मूळ रेकॉर्डरपेक्षा चार टक्के जोरात धावतोय आणि पेटीवरच्या शेजारच्या दोन पट्ट्यांत जेवढं अंतर असतं त्याच्या निम्म्याहून जास्त आजी वर चढलीय. ‘आजी वाटत नाही’ यातला थोडा हिस्सा कदाचित याचाही असेल. मी वेग सुधारताना आधी या गुणगुणीलाच विचारते, आणि म्हणूनच ती काढण्याआधी मोजते. एक सावधगिरी घ्यायची. त्या काळात ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, बऱ्याचदा ५० च्या खाली घसरलेलं असायचं, त्यामुळे हा आकडा अंदाज म्हणून धरायचा. शेवटचा निवाडा आजीचा आवाज ओळखणाऱ्या माणसाचा. आजचं ग्रिड ५० च्या अगदी जवळ राहतं, म्हणून सुळका नेमका ५० वर असेल तर पुन्हा एकदा वायरिंगवर संशय घ्या.

वेग दुरुस्त झाल्यावर गुणगुण काढायची. नॉच फिल्टर, म्हणजे एकाच फ्रिक्वेन्सीभोवतीची पट्टी कापणारा : ५० वर एक, १०० वर एक, १५० वर एक. ही पट्टी किती अरुंद ते क्यू हा आकडा ठरवतो, तो तीसच्या आसपास ठेवला की ती अरुंद कापली जाते. वेग हलत असेल आणि सुळका जाड दिसत असेल तर क्यू कमी करा. २०० च्या पुढे मी सहसा जात नाही, कारण बायकांच्या आवाजाचा मूळ सूर तिथून सुरू होतो आणि तिथली गुणगुण गाण्याखाली झाकलीही जाते.

त्याही आधी ‘टक्‌ टक्‌’ आवाज काढून घ्या. गोंगाट आधी काढला की टक्‌च्या कडा पसरतात आणि मग तो धड टक्‌ही राहत नाही, धड जातही नाही. ऑडॅसिटीत क्लिक रिमूव्हल आहे, पण दहावीस टक्‌ असतील तर मोठं करून हातानेच निवडा आणि रिपेअर द्या. ते एका वेळी १२८ सॅम्पलपर्यंतच, म्हणजे आवाजाच्या लहरीवरच्या १२८ ठिपक्यांपर्यंतच, चालतं, आणि तेवढं पुरतं. दृश्य बदलून स्पेक्ट्रोग्राम लावा, म्हणजे आडवा वेळ आणि उभी फ्रिक्वेन्सी असं आवाजाचं चित्र. एकदा त्याची सवय झाली की नुसत्या लहरींकडे बघून काम करवत नाही. टक्‌ उभ्या रेषेसारखा दिसतो, गुणगुण तळाशी आडव्या रेषांसारखी, सूऽऽ सगळीकडे धुकं, आणि आजीचा आवाज त्यातून वळत जाणाऱ्या एकावर एक रेषांचा.

मुख्य साधन म्हणजे नॉइज रिडक्शन. त्याचं तत्त्व जुनं आहे. १९७९ मध्ये स्टीव्हन बोल यांनी मांडलेल्या स्पेक्ट्रल सबट्रॅक्शनच्या कुळातलं हे. नुसत्या गोंगाटाचा नमुना द्यायचा, मग प्रत्येक पट्ट्यात त्या पातळीच्या खाली असेल ते दाबलं जातं. घोटाळा असा की गोंगाट क्षणोक्षणी वरखाली होत असतो. एखादा पट्टा क्षणभर पातळीच्या वर डोकावतो, तेवढाच शिल्लक राहतो, आणि मागे कुठेतरी टिणटिण, चिवचिव ऐकू यायला लागते. यालाच म्युझिकल नॉइज म्हणतात. फ्रिक्वेन्सी स्मूदिंग वाढवलं की ती कमी होते आणि तिच्यासोबत थोडी धारही जाते.

नमुना कुठून घ्यायचा यावर निम्मं काम अवलंबून. बरेच जण कॅसेटच्या सुरुवातीची कोरी फीत निवडतात. ती निवडू नका, कोऱ्या फितीची सूऽऽ आणि रेकॉर्ड झालेल्या फितीची सूऽऽ वेगळी असते. लांबलचक शांतता निवडणंही धोक्याचं. तुमच्या टेपरेकॉर्डरमध्ये आवाजाची पातळी आपोआप सांभाळणारं सर्किट असणार. आजी गायला लागली की ते आवाज खाली ओढतं, ती थांबली की सावकाश वर चढवतं. ओवी संपून दोनचार सेकंद गेले की पंखा मोठा होत जातो, ते यामुळेच. त्या फुगलेल्या शांततेचा नमुना घेतला तर सॉफ्टवेअर गाण्याच्या वेळीही तेवढंच वजा करायला बघतं, म्हणजे गरजेपेक्षा फार जास्त. म्हणून दोन ओळींमधल्या अर्ध्या सेकंदाच्या फटीतून, श्वास टाळून, नमुना घ्या.

मग आकडा. सहा डेसिबलपासून सुरुवात करा, नऊच्या पुढे जाताना दोनदा विचार करा. सहा डेसिबल म्हणजे गोंगाटाची लहर निम्मी. वीस म्हणजे दहावा हिस्सा, आणि तिथे आवाज नक्की बिघडतो. याच खिडकीत ‘रेसिड्यू’ नावाचा पर्याय आहे, तो निवडला की काढून टाकलेलं तेवढं ऐकू येतं. पाखडून झाल्यावर सुपाखालच्या कोंड्यात दाणे गेलेत का ते बघतात, तसं ते ऐकायचं. त्यात नुसती सूऽऽ हवी. शब्द ओळखू आले, आजीची चाल ओळखू आली, तर सेन्सिटिव्हिटी खाली आणा.

मराठी गाण्यात दाणे नेमके कुठे सांडतात ते सांगते. ‘स’ आणि ‘श’ची बरीचशी ताकद चार हजार हर्ट्झच्या वर असते, आणि कॅसेटची सूऽऽही तिथेच जास्त टोचते. सॉफ्टवेअरला दोन्ही सारखेच दिसतात. ‘सासू’, ‘सासर’ हे शब्द ओव्यांत पावलापावलाला येणार, तेच आधी बोथट होतात. दुसरी जागा महाप्राणाची. ‘विठ्ठल’मधल्या ‘ठ’नंतर जो हवेचा झोत येतो तो निव्वळ गोंगाटासारखा असतो. तो कापला की ‘विट्टल’ ऐकू येतं. ‘म्हणे’मधला ‘म्ह’ आणि ‘कान्हा’मधला ‘न्ह’ यांच्यात ‘ह’ इतका हलका असतो की जास्त दाबल्यावर ‘मणे’ आणि ‘काना’ उरतात. मी प्रत्येक गायिकेसाठी असे चारपाच शब्द आधीच हेरून खुणा करून ठेवते आणि दर बदलानंतर तेवढेच ऐकते. आख्खी कॅसेट पुन्हापुन्हा ऐकत बसलं की कान थकतात आणि मग काहीही चांगलं वाटतं. आधीचं आणि नंतरचं ताडून बघताना दोन्हींची पातळी सारखी करून घ्या. जे मोठं वाजतं ते कानाला उगाच सरस वाटतं.

पंख्याच्या कॅसेटला १०० हर्ट्झच्या खालचं सगळं हाय-पास फिल्टरने उडवलं तरी चालेल, आजीच्या गळ्यातलं तिथे काही नाही. पंख्याची घरघर आणि हवेचे धक्के तिथे आहेत.

जात्याच्या कॅसेटला हे करू नका. जात्याची घरघर नेमकी तळाशी असते, आणि ती गोंगाट नव्हे. ओवीची लय त्या फेऱ्यावर बसलेली आहे. जोर लागतो तिथे ओळ तुटते, फेरा सैल होतो तिथे सूर लांबतो. ती घरघर काढली तर आजी विनाकारण मध्येच का थांबते ते कळणारही नाही. शिवाय ती पूर्ण जाणारही नाही. हे साधन एकसारख्या आवाजासाठी बनवलंय, आणि जात्याचा आवाज प्रत्येक फेऱ्यात चढतो-उतरतो, त्यामुळे तो अर्धवट कापला जाऊन गुदमरल्यासारखा ऐकू येतो. इथे फक्त फितीची सूऽऽ कमी करायची. नमुना जातं थांबलेलं असताना घ्या, सुरुवातीला किंवा पीठ भरून घेताना, आणि पाचसहा डेसिबलवर समाधान माना. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पात जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या, त्यांतल्या बऱ्याच ओव्या ‘पारी’ या ग्रामीण भारताच्या नोंदी ठेवणाऱ्या संकेतस्थळावर आहेत. तिथल्या ध्वनिफिती ऐकून घ्या, आणि प्रत्येक ओवीसोबत गाणारीचं नाव नि गाव कसं नोंदवलंय तेही बघा. तुमच्या फाइलच्या शेजारी अशी नोंद असायला हवी.

बाकी साधनांचं पटकन. आरएक्स २००७ पासून आहे आणि खरोखर उत्तम आहे. स्पेक्ट्रोग्रामवर एखादी शिट्टी, एखादं भुंकणं रंगवल्यासारखं निवडून काढण्यात त्याचा हात धरणारं फारसं कोणी नाही. पोटापाण्यासाठी हे काम करणार असाल तर घ्या. दोन कॅसेटसाठी त्याची चाचणी आवृत्ती वापरून बघितली तरी पुरे. रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरसोबत येणारं रीआफिर वजाबाकीच्या मोडमध्ये ऑडॅसिटीसारखंच काम करतं, आणि चालू आवाजावर बदल ऐकता येतात ही त्याची सोय. ब्रिटिश लायब्ररीच्या ध्वनिसंग्रहासाठी झालेल्या संशोधनातून केंब्रिजला उभं राहिलेलं सिडर हे मोठ्या स्टुडिओंचं आणि न्यायवैद्यक प्रयोगशाळांचं काम, आपल्या आवाक्याबाहेरचं. डेमक्स गायक आणि वाद्यं वेगळी करतं. त्याने जातं आणि आजी वेगळे करून बघायचा मोह होईल, करून बघा, पण ती फाइल मूळ म्हणून ठेवू नका.

मूळ म्हणजे डेकवरून आलेली, हात न लावलेली वेव्ह फाइल, दोन ठिकाणी ठेवलेली. साफ केलेली प्रत वेगळ्या नावाने ठेवा, आणि सोबत एका साध्या टेक्स्ट फाइलमध्ये वेग किती बदलला, नॉच कुठे दिले, किती डेसिबल काढले ते लिहा. पाचदहा वर्षांनी याहून चांगलं साधन आलं की काम मूळ फाइलपासून सुरू करायचं असतं, साफ केलेल्या प्रतीपासून नाही. नातेवाइकांना व्हॉट्सअॅपवर पाठवायची असेल तर १९२ केबीपीएसचा एमपी३ करा आणि डॉक्युमेंट म्हणून जोडा. स्पीकरवर वाजवून व्हॉइस मेसेजमध्ये रेकॉर्ड केलं तर फोन स्वतःचं गोंगाट काढणं वर लावतो, आणि जातं पुन्हा गायब होतं.